मणका दबला, तरी अहवालात ‘ऑस्टिओपीनिया’: वृद्ध पुरुषांच्या ठिसूळ हाडांचे निदान आणि उपचार

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतरांनाही कळेल. तुमचे वडील ७४ वर्षांचे आहेत, महानगरपालिकेतून निवृत्त झाले आहेत आणि लालबागच्या चाळीत राहतात. दोन महिन्यांपूर्वी पाण्याची बादली उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली आणि एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. कमरेचा पट्टा, वेदनाशामक गोळ्या, कॅल्शियम आणि आठवड्याला एक ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी असा उपचार झाला. नंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) उणे १.१ आणि खुब्याच्या हाडाच्या मानेचा उणे २.३ आला, आणि अहवालाखाली ‘ऑस्टिओपीनिया’, म्हणजे घनता थोडी कमी, असा शेरा पडला. त्यांनी अनेक वर्षे सिगारेट ओढली आहे, आता सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठी पंप घेतात, वर्षातून तीन-चार वेळा दम वाढला की स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात, पित्तासाठी पँटोप्राझोल आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे. तुम्ही विचारता की हा तर बायकांचा आजार, त्यातून अहवाल ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) नाही म्हणतो, मग दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेले वर्षातून एकदाचे इंजेक्शन खरोखर हवे का. आणि रोज एक क्वार्टर घेणाऱ्या ६६ वर्षांच्या काकांचीही तपासणी करावी का.

तुम्ही लिहिले आहे त्यावरून, आणि मणका दबण्याचे दुसरे कारण नाही याची खात्री झाली असे धरून, तुमच्या वडिलांना ऑस्टिओपोरोसिस आहे, आणि तो सौम्य नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणावे, ही व्याख्या ज्यांचे हाड अजून मोडलेले नाही त्यांना शोधण्यासाठी उपयोगी आहे. उभ्या उंचीवरून पडून किंवा बादली उचलण्यासारख्या साध्या कामाने मणका अथवा खुबा मोडला, तर आकडा काहीही असो, निदान त्या मोडण्यानेच झालेले असते. डेक्साचे यंत्र हाडातील खनिजाची घनता मोजते. हाडाची आतली वीण किती विस्कटली आहे हे ते सांगत नाही, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत नेमकी ही वीण घनतेच्या मानाने अधिक बिघडलेली असते. म्हणून अशा रुग्णांची हाडे तुलनेने बऱ्या टी-स्कोअरलाही मोडतात. अहवालाखालचा तो शेरा केवळ आकड्यांवरून पडतो. पेशंटचा मणका दबला आहे हे तपासणी केंद्राला बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते.

मणक्यांचा आकडा खुब्यापेक्षा इतका चांगला कसा, याचेही उत्तर आहे. साठीनंतरच्या पुरुषांच्या कमरेच्या मणक्यांच्या कडांवर हाडाचे काटे वाढतात, सांध्यांची झीज होऊन तिथले हाड टणक होते, आणि समोरून जाणाऱ्या महारोहिणीच्या, म्हणजे शरीरातल्या मुख्य धमनीच्या, भिंतीतही कॅल्शियम साचते. यंत्र हे सगळे एकत्र मोजते, त्यामुळे आकडा फुगतो. दबलेला मणका तर जागा आखडल्यामुळे शेजारच्या मणक्यांपेक्षा दाट दिसतो, म्हणून तो मोजणीतून वगळायचा असतो. वडिलांच्या अहवालात तो वगळला आहे का, हे एकदा पाहून घ्या. वयस्क पुरुषांत मी खुब्याच्या आकड्यावरच अधिक विसंबतो, आणि दोन्ही ठिकाणे मोजण्याजोगी नसतील तर मनगटाजवळच्या हाडाचे मोजमाप मागतो. जाता जाता सांगतो, सोसायट्यांमध्ये आणि गणेशोत्सवाच्या मंडपात टाचेवर यंत्र ठेवून ‘हाडांची मोफत तपासणी’ करतात, ती अल्ट्रासाउंडची असते. तिच्यावरून कोणाला आजार आहे असे ठरवू नये, आणि नाही असेही ठरवू नये.

हा बायकांचा आजार ही समजूत पूर्णपणे निराधार नाही. पाळी थांबली की स्त्रियांची हाडे काही वर्षे झपाट्याने झिजतात, पुरुषांत असा अचानक उतार येत नाही. पुरुषांची हाडे मुळात रुंद असतात, तारुण्यात जमा झालेली पुंजीही मोठी असते, आणि झीज हळूहळू होते. त्यामुळे हाडे मोडण्याचे वय स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षांनी पुढे जाते. मात्र ते टळत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पाच पुरुषांपैकी सुमारे एकाचे हाड उर्वरित आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडते, असा जागतिक अंदाज आहे, आणि खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांहून जास्त आहे. शिवाय पुरुषाचेही हाड बऱ्याच अंशी इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनवरच टिकते, कारण पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेन तयार होत असते. १९९४ साली अमेरिकेत एका तरुणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, पण पेशींमधला इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारा ग्राहक (रिसेप्टर) जन्मतःच निकामी होता, आणि त्याची हाडे ठिसूळ होती. पुरुषांच्या हाडांविषयीची आमची समजूत त्या एका रुग्णाने बरीच बदलली.

मणक्याचे फ्रॅक्चर बहुतेकदा गाजावाजा न करता होते. अशी सुमारे दोन तृतीयांश फ्रॅक्चर त्या वेळी ओळखली जात नाहीत. ‘पाठ भरली’, ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळले जाते आणि पुरुष तर तेवढेही सांगत नाहीत. म्हणून घरच्यांनी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. सदऱ्याची पुढची बाजू लांब लटकू लागणे, पँट पोटावर वर चढणे, भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे केल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला न लागणे, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यात दोन बोटेही न मावणे, या खुणा मणके दबल्याकडे बोट दाखवतात. तारुण्यातल्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढलाच पाहिजे. तरुणपणीची उंची कोणाला आठवत नाही, पण तुमचे वडील महानगरपालिकेत होते. सेवापुस्तिकेत किंवा नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ती लिहिलेली सापडेल. सीओपीडीसाठी छातीचे जुने एक्स-रे निघाले असतील, त्यांत बाजूने काढलेला एखादा असेल तर तोही सोबत न्या. छातीच्या मणक्यांपैकी सातवा-आठवा आणि जिथे छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तो भाग, ही दबण्याची नेहमीची ठिकाणे आहेत, आणि फुप्फुसे पाहणाऱ्याची नजर तिथे जातेच असे नाही.

उपचाराकडे वळण्याआधी एक टप्पा आहे, आणि तो मुंबईत तर मुळीच गाळू नये. दबलेला प्रत्येक मणका ऑस्टिओपोरोसिसचा नसतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. त्यात दोन मणक्यांमधली गादी लवकर खराब होते, तर ठिसूळपणाने दबलेल्या मणक्यात ती बहुधा शाबूत राहते. मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग आणि फुप्फुस, प्रोस्टेट अशा अवयवांतून पसरलेला कर्करोगही मणके पोखरतो, आणि तुमच्या वडिलांनी अनेक वर्षे सिगारेट ओढली आहे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, लघवी-शौचावरचा ताबा कमी होणे, किंवा छातीच्या चौथ्या मणक्याच्याही वरचा मणका दबणे, यांपैकी काहीही असेल तर एमआरआय ताबडतोब करावा. काही नसेल तरी मायलोमासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेन ही रक्तातील प्रथिनांची तपासणी मी या वयात मणका दबलेल्या प्रत्येक पुरुषात करतो.

पुरुष रुग्णांच्या बाबतीत माझा सर्वांत मोठा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. पाळी गेलेल्या स्त्रीत हाडे ठिसूळ होण्याचे कारण बहुधा समोर असते. पुरुषात ते शोधावे लागते, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांत दुसरा एखादा आजार, औषध किंवा सवय त्यामागे निघते. स्टिरॉइड, टेस्टोस्टेरॉनची कमतरता आणि दारू ही तीन कारणे सर्वांत जास्त आढळतात. त्यानंतर थायरॉइडचे आधिक्य किंवा थायरॉक्सिनची गरजेपेक्षा मोठी मात्रा, पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार, मूत्रपिंडाचा जुना विकार, लघवीतून कॅल्शियम वाहून जाणे, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा सीलिअॅक आजार, जठराचा भाग काढल्याची शस्त्रक्रिया, संधिवात, फिटसाठी वर्षानुवर्षे घेतलेले फेनिटॉइन अशी रांग लागते. मधुमेहाची गोष्ट निराळी आहे. टाइप २ च्या रुग्णांचा टी-स्कोअर चांगला दिसतो, तरी हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शने घेणाऱ्या किंवा वृषण काढलेल्या पुरुषांची हाडे तर पहिल्याच वर्षात वेगाने झिजतात, आणि त्यांची डेक्सा तपासणी तो उपचार सुरू होतानाच व्हायला हवी.

म्हणून वडिलांच्या रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी, ईएसआर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, यकृताच्या चाचण्या, टीएसएच, २५-हायड्रॉक्सी ‘ड’ जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन असावे. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी मोजतात आणि कमी आले तर पुन्हा मोजतात. दम वाढलेला असताना किंवा स्टिरॉइडचा कोर्स चालू असताना ते तात्पुरते खाली जाते, तेव्हा मोजलेल्या आकड्यावरून काही ठरवू नये. चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम ही तपासणी कंटाळवाणी असते आणि लोक ती टाळतात, पण मुतखड्याचा इतिहास असेल तर ती आवर्जून करावी.

तुमच्या वडिलांत मुख्य संशयित स्टिरॉइड आहे, हे उघड आहे. दिवसाला २.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनसारखी लहान मात्रा तीन महिने घेतली, तरी हाडांचा विचार करावा असे आज मानतात. वर्षातून तीन-चार वेळा घेतलेले मोठ्या मात्रेचे छोटे कोर्सही एकत्र मोजले तर बरेच होतात. स्टिरॉइडमुळे हाड बांधणाऱ्या पेशी लवकर मरतात आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढतो, आणि मणके त्यात सर्वांत आधी सापडतात. तरीही या गोळ्या त्यांनी स्वतःहून एकदम बंद करू नयेत. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या माणसाच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, झोपी गेलेल्या असतात आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. छातीच्या डॉक्टरांशी बोलून पंपाची औषधे आणि ती घेण्याची पद्धत सुधारावी, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी घ्याव्यात, म्हणजे दम वाढण्याचे प्रसंगच कमी होतील. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी नाव नसलेल्या पुड्या कोणी आणून देत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व हा पाया आहे, पण मणका दबल्यावर तेवढ्यावरच थांबणे म्हणजे उपचार न करणे होय, आणि वडिलांच्या बाबतीत आतापर्यंत तेवढेच झाले आहे. या वयाच्या पुरुषाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम, शंभर ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, शिवाय दही, तीळ, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेलीसारखी लहान मासळी. जेवण नीट असेल तर गोळीतून ५०० मिलिग्रॅम पुरतात. ते पँटोप्राझोल घेतात, म्हणजे जठरात आम्ल कमी आहे, आणि कॅल्शियम कार्बोनेट शोषले जायला आम्ल लागते; त्यांना कॅल्शियम सायट्रेट द्यावे, आणि पँटोप्राझोल अजून खरोखर लागते का हेही विचारावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, आणि मग महिन्याला एक, असा प्रघात आहे. ती रोज घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडल्याचे रुग्ण येत असतात, तेव्हा चिठ्ठी नीट वाचा. जास्त म्हणजे चांगले हा हिशेब इथे चालत नाही. वर्षाची मात्रा एकदम देऊन पाहिलेल्या एका चाचणीत वृद्ध स्त्रियांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले होते. चाळीच्या सज्जात सकाळचे कोवळे ऊन पुरेल अशी अनेकांची समजूत असते, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात, आणि तेव्हा कोणी उन्हात बसत नाही.

आता औषधांविषयी. पुरुषांत ज्यांचा चांगला अभ्यास झाला आहे अशी औषधे मोजकीच आहेत: अॅलेन्ड्रोनेट आणि रिसेड्रोनेट या आठवड्याच्या गोळ्या, झोलेड्रोनिक अॅसिडचे वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन, डेनोसुमॅबचे दर सहा महिन्यांनी त्वचेखाली द्यायचे इंजेक्शन, आणि रोज टोचून घ्यायचे टेरिपॅराटाइड. पहिली चार हाडाची झीज रोखतात, शेवटचे नवे हाड घडवते.

अॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम हे स्वस्त आणि जुने औषध आहे, पण ते घेण्याची शिस्त आपल्या सकाळीशी जुळत नाही. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, आणि त्या अर्ध्या तासात चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते, आणि गोळी घेऊन पुन्हा अंथरुणावर पडल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते. पित्ताचा त्रास असलेल्या आणि अजून नीट बसता न येणाऱ्या तुमच्या वडिलांना मी ही गोळी पहिली देणार नाही.

तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन झोलेड्रोनिक अॅसिडचे दिसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने पुरुषांमधील मणक्याची नवी फ्रॅक्चर दोन वर्षांत सुमारे ६७ टक्क्यांनी कमी केली, आणि खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्री-पुरुषांवरच्या २००७ च्या चाचणीत नवी फ्रॅक्चर तर घटलीच, शिवाय मृत्यूचे प्रमाणही २८ टक्क्यांनी उतरले. देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या वर हवा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढलेली हवी, नाहीतर रक्तातील कॅल्शियम घसरते. आणि दात काढायचे असतील तर ते आधी काढून जखम भरू द्यावी. ऑस्टिओपोरोसिसची मात्रा ५ मिलिग्रॅमची आहे आणि ती किमान पंधरा मिनिटांत सावकाश द्यायची असते. ४ मिलिग्रॅमची बाटली कर्करोगाच्या रुग्णांसाठी असते, तेव्हा औषधाच्या दुकानातून आणताना आकडा पाहून घ्या. पहिल्या मात्रेनंतर एक ते तीन दिवस ताप, अंगदुखी, थंडी असे होऊ शकते. त्या दिवशी भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरते. पावसाळ्यात असा ताप आला की घरचे घाबरतात, पण तो तीन दिवसांत उतरतो. न उतरल्यास मलेरिया आणि डेंगी यांची तपासणी करून घ्यावी, कारण इंजेक्शन घेतले म्हणून डास चावायचे थांबत नाहीत.

जबड्याचे हाड मरणे आणि मांडीचे हाड विचित्र पद्धतीने मोडणे, या दोन दुष्परिणामांविषयी तुम्ही वाचले असेल. दोन्ही खरे आहेत आणि या मात्रेत दोन्ही दुर्मीळ आहेत. मांडीच्या हाडाचा धोका औषध बरीच वर्षे चालू राहिल्यावर वाढतो, आणि आधी मांडीत किंवा जांघेत बोथट दुखू लागते, तेव्हा ती तक्रार दुर्लक्षू नये. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा: एक मणका नुकताच दबलेल्या माणसाचा दुसरा मणका पुढच्या वर्षा-दोन वर्षांत दबण्याची शक्यता बरीच मोठी असते. तिसऱ्या मात्रेनंतर थांबायचे की पुढे जायचे ते ठरवता येते, कारण हे औषध हाडात साठून राहते आणि त्याचा परिणाम काही काळ टिकतो.

डेनोसुमॅबमध्ये नेमके हेच नाही. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना ते देता येते, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हार्मोन दाबलेल्या पुरुषांत त्याने मणक्याची फ्रॅक्चर ६२ टक्क्यांनी कमी केल्याचे २००९ मध्ये दिसले. पण त्याची मात्रा एक-दोन महिने जरी लांबली तरी दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि कधी कधी एकाच वेळी अनेक मणके दबतात. गणपतीला म्हणून कोकणात गेलेला माणूस दिवाळीपर्यंत तिथेच राहतो, किंवा परदेशी मुलाकडे सहा महिन्यांचा मुक्काम आठ महिन्यांचा होतो, हे मी नेहमी पाहतो. तारीख पाळण्याची खात्री नसेल तर हे इंजेक्शन सुरूच करू नये, आणि बंद करायचे असेल तर त्याच्या मागोमाग झोलेड्रोनिक अॅसिड किंवा अॅलेन्ड्रोनेट दिलेच पाहिजे.

टेरिपॅराटाइडचा विचार मात्र तुमच्या वडिलांसाठी गंभीरपणे करण्यासारखा आहे. स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत त्याची अॅलेन्ड्रोनेटशी थेट तुलना झाली, तेव्हा दीड वर्षात मणक्याची नवी फ्रॅक्चर अॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्या सुमारे ६ टक्के आणि टेरिपॅराटाइड घेणाऱ्या १ टक्क्याहून कमी लोकांत झाली. भारतीय कंपन्यांची पेनेही आता मिळतात, तरी गोळ्यांच्या मानाने खर्च पुष्कळ येतो. २० मायक्रोग्रॅम रोज, इन्सुलिनसारख्या पेनने, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि ते संपले की लगेच झीज रोखणारे औषध, नाहीतर कमावलेले हाड निघून जाते. हाडात कर्करोग असेल, हाडांना पूर्वी रेडिएशन दिलेले असेल किंवा कॅल्शियम वाढलेले असेल तर ते देत नाहीत. मायलोमाची तपासणी आधी व्हावी असे म्हणालो, त्याचे हेही एक कारण आहे. पाठीच्या एक्स-रेत आणखी एखादा जुना दबलेला मणका निघाला, किंवा स्टिरॉइड कमी होण्याची चिन्हे नसली, तर मी टेरिपॅराटाइडने सुरुवात करीन. तसे नसेल, किंवा रोजची सुई आणि खर्च झेपणार नसेल, तर सुचवलेले झोलेड्रोनिक अॅसिड योग्यच आहे.

टेस्टोस्टेरॉन कमी निघाले तर ते दिले की हाडांचे काम झाले, असे नाही. त्याने घनता वाढते हे खरे, पण टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांच्या मोठ्या चाचणीचा २०२४ साली आलेला निष्कर्ष असा की फ्रॅक्चर कमी तर झाली नाहीतच, उलट टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ती थोडी अधिक होती. इतर लक्षणांसाठी ते द्यावे लागले तर द्यावे. हाडांसाठी हाडांचे औषध स्वतंत्रपणे द्यावे. दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचीही घाई नको. २००९ मध्ये त्याची लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या दोन चाचण्यांत वेदनेत फरक दिसला नाही, आणि बहुतेकांचे दुखणे दीड ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते. पट्टाही तेवढ्यापुरताच, तो कायम बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात.

औषध हाड मजबूत करते, पण पडणे थांबवत नाही. टॅम्सुलोसिनने रक्तदाब उभे राहताना घसरतो, आणि प्रोस्टेटमुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते. म्हणजे अर्धवट झोपेत, चक्कर येण्याच्या बेतात असलेला माणूस चाळीच्या अंधाऱ्या गॅलरीतून सामायिक संडासाकडे जातो, आणि पावसाळ्यात ती फरशी ओली असते. हाच प्रसंग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. रात्री अंथरुणाजवळ लघवीचे भांडे ठेवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यांचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून असा दोन्ही वेळा मोजा, झोपेच्या गोळ्या असतील तर कमी करता येतील का ते विचारा, मोतीबिंदू तपासा, मोरीत धरायला दांडी बसवा, रबरी तळाची मागून पट्टा असलेली चप्पल घ्या, आणि जिन्यातला बंद पडलेला दिवा कमिटीची वाट न पाहता बदला. गर्दीच्या वेळी लोकल आणि धावती बस काही महिने वर्ज्य.

दुखणे ओसरले की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव सुरू करावा. नुसते फिरणे फुप्फुसांना चांगले, हाडांना पुरेसे नाही. पुढे वाकण्याची आसने, म्हणजे पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातील हस्तपादासन, मणका दबलेल्या माणसाने करू नयेत. बागेतल्या योगवर्गाच्या शिक्षकांना हे आधी सांगावे. बादली, पिंप, गॅसचे सिलिंडर यांना हात लावू नये.

डेक्सा दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा करावी. आकडा फारसा वाढला नाही तर निराश होऊ नका. न घसरणे हाही चांगला परिणाम आहे, आणि फ्रॅक्चर कमी होण्याचा फायदा आकड्याच्या वाढीपेक्षा मोठा असतो. उंची मात्र दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकवून मोजा, आणि दोन सेंटिमीटर घटली तर पुन्हा एक्स-रे काढा.

राहिले काका. सत्तरीनंतर प्रत्येक पुरुषाची आणि पन्नास ते एकोणसत्तर या वयात धोक्याचे कारण असलेल्या पुरुषाची डेक्सा करावी, असा संकेत आहे, आणि रोजची क्वार्टर हे ठळक कारण आहे; हाडांचा धोका मोजणाऱ्या फ्रॅक्स या गणनयंत्रात दिवसाला तीन युनिट दारू ही मर्यादा धरली आहे, आणि १८० मिलिलिटर व्हिस्की तिच्या दुपटीच्या आसपास जाते. फ्रॅक्समध्ये भारतासाठी स्वतंत्र गणना आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना डेक्साच्या आकड्यासह ती करायला सांगा. काकांच्या तपासणीत यकृताच्या चाचण्या आणि टेस्टोस्टेरॉन धरा, कारण दारू त्या दोन्हींवर परिणाम करते. आणि वडिलांचा मणका पाहून त्यांनी घाबरून उद्यापासून बाटली बंद करायचे ठरवले, तर आधी डॉक्टरांना भेटायला सांगा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम किंवा फिट येऊ शकते, आणि त्या फिटमध्ये पडूनही खुबा मोडतो.